एका चुलीचं रक्त

“आधी जायचं कुठं, ते सांगा.”

दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी येऊन कुणी काहीही विचारो, बाईंचं पहिलं वाक्य हेच असायचं. गाडी गेली काय, गाडी येणार काय, बाजाराच्या दिवशी जास्तीची गाडी सुटणार काय, सगळ्याला हेच. एकदा एका म्हाताऱ्याने संडास कुठे आहे म्हणून विचारलं, तर सवयीने त्यालाही बाई म्हणाल्या, “आधी जायचं कुठं, ते सांगा.” म्हातारा बिचारा बघतच राहिला. मग बाईंच्या लक्षात आलं आणि त्या अशा हसायला लागल्या की समोरचा माइक सुरू आहे याचंही त्यांना भान राहिलं नाही. सगळ्या स्टँडभर ते हसू ऐकू गेलं. नेरच्या गाडीतली माणसं खिडकीतून डोकी बाहेर काढून बघत होती.

त्या काळात तुम्ही आमच्या भागात एसटीने हिंडला असाल तर तो आवाज तुम्हीही ऐकला असणार. भरदार, जरासा नाकातला, आणि गावांची नावं अशी घेणारा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच हाक मारली. बाईंचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. गावाला त्या ‘चौकशीच्या बाई’. माझी लॅब स्टँडच्या समोरच, रस्ता ओलांडला की. साखर, लघवी, मलेरिया असली साधी कामं मी करायचो. खरं सांगतो, मी त्या आवाजाला वैतागलेला होतो. इकडे एखाद्या लेकराची शीर सापडत नाही, ते भोकाड पसरून बसलेलं, आणि तिकडून दिग्रस गाडीचा पुकारा. एक दिवस तणतणत गेलो आणि भोंगा कमी करा म्हणालो. बाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, भोंगा कमी केला तं तुमचे पेशंट गाडीत बसल्या बसल्या पुढच्या गावी जातील. मंग तिथला लॅबवाला पैसेवाला होईल.” वर त्यांनीच चहा मागवला. चहा पिऊन परत आलो. त्यानंतर तो चहा रोजचाच झाला.

नवरा डेपोत मेकॅनिक होता. तो अचानक गेला आणि अनुकंपेवर बाईंना नोकरी मिळाली. घरात सासू, दीर, जाऊ, दिराची मुलं आणि बाईंची एकुलती एक लेक. नवरा गेल्यावर पुष्कळांनी सुचवलं, आता वेगळं राहा. बाईंनी चूल वेगळी केली नाही. सासू-सुनेचं सकाळपासून वाजायचं, आणि एकीवाचून दुसरी जेवायला बसायची नाही.

कापसाचे दिवस वाईट होते. लोकांच्या घरात, माजघरात, खाटेखाली कापूस पडून होता, भाव येईल म्हणून. त्या कापसाने लेकरं अंग खाजवत शाळेत जायची. सकाळी पेपर उघडायची भीती वाटे. एखाद्या गावात कुणा शेतकऱ्याने जिवाचं बरंवाईट केलं की त्या गावाला जाणारी माणसं स्टँडवर यायची, एका कोपऱ्यात न बोलता उभी राहायची. त्या गावाची गाडी लागली की बाई भोंग्यावरून पुकारत नसत. खिडकीतून उठायच्या, त्या माणसांपाशी जायच्या आणि हळू आवाजात सांगायच्या, या, गाडी लागली. हे मी माझ्या दारातून किती वेळा पाहिलं असेल.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. आधी सगळ्यांना वाटलं, ओरडून ओरडून घसा बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. एक दिवस चहा पिताना मला त्यांच्या गळ्याला उजवीकडे फुगवटा दिसला. मी दाखवून घ्या म्हणालो. यवतमाळहून नागपूर झालं आणि नागपूरला कळलं की थायरॉइडचा कॅन्सर आहे, त्यातलाही जरा दुर्मीळ, मेड्युलरी नावाचा. ऑपरेशन झालं. गाठीने आवाजाची नस धरलेली होती, ती वाचवता आली नाही. बाई परत कामावर आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यातून फक्त हवा यायची आणि त्या हवेत शब्द असायचे. भोंग्यावर दुसरा माणूस आला. खेड्यावरची माणसं विचारायची, भोंगा बिघडला काय? बाई मान हलवून हो म्हणायच्या.

आता या आजाराची एक गोष्ट सांगायला हवी. गळ्यातल्या त्या ग्रंथीत काही पेशी असतात, त्या कॅल्सिटोनिन नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडतात. धडधाकट माणसाच्या रक्तात ते अगदी नावाला असतं. हा कॅन्सर झाला की वाढतं. ग्रंथी काढून टाकली की ते जवळजवळ दिसेनासं व्हायला हवं. नाही झालं, किंवा होऊन पुन्हा चढायला लागलं, तर आजार कुठेतरी उरलेला आहे असं समजायचं. म्हणून ठरावीक महिन्यांनी रक्त तपासत राहायचं.

ती तपासणी नागपूरला व्हायची. रक्त उपाशीपोटी घ्यायचं, लगेच मशीनवर फिरवून वरचं पाणी वेगळं करायचं आणि बर्फात घालून धाडायचं. हे संप्रेरक भारी नाजूक. ऊब लागली की नासतं, मग आकडा खोटाच कमी येतो आणि माणूस उगाच खूश होतो. मी नळी थर्मासात बर्फ भरून ठेवायचो, आणि बाई स्वतःच तो उचलून रस्ता ओलांडायच्या आणि सकाळच्या नागपूर गाडीच्या ड्रायव्हरजवळ द्यायच्या. त्याच्या सीटमागे, इंजिनच्या गरमीपासून लांब, कुठे ठेवायचा तेही दाखवायच्या. ड्रायव्हर त्यांना चिडवायचे, “बाई, तुमचं तिकीट फाडू का?” बाई हसायच्या. हसूही आता बिनआवाजाचं झालं होतं, नुसते खांदे हलायचे.

पहिला आकडा चांगला आला. नंतरचा जरा वर. त्याच्या नंतरचा आणखी वर. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं की हा आजार पुष्कळदा रक्तातून उतरतो, तेव्हा घरच्या रक्ताच्या माणसांची तपासणी करून घ्या. पहिल्या वेळीच त्यांनी विचारलं होतं, घराण्यात कुणाला गळ्याची गाठ होती का. बाईंनी नाही म्हणून सांगितलं होतं. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, उद्या सगळ्यायले आणते. उपाशी आणते.”

दुसऱ्या दिवशी शटर उघडतो तर बाकावर सगळं घर ओळीने बसलेलं. सासू, दीर, जाऊ, आणि यासाठी मुद्दाम दिग्रसहून आलेली नणंद. चहा मिळाला नव्हता म्हणून दीर तोंड पाडून बसला होता. म्हातारीने बाही आधीच वर करून ठेवली होती.

मी कपाळाला हात लावला. म्हणालो, “बाई, यांचं रक्त तपासून काही उपयोग नाही.”

म्हातारी उसळली. “काहून? आमचं रक्त का खराब हाये?”

“तसं नाही आजी. तुमचं रक्त वेगळं, यांचं वेगळं.”

“वेगळं कसं? इतके वर्सं झाले, एका चुलीवर जेवून राह्यलो आमी.”

आम्ही सगळेच हसलो. दीरसुद्धा हसला. बाईंचे खांदे हलत होते. त्या हसण्यातच मी विचारलं, मुलगी कुठे आहे?

“ती घरी हाये. सगळे उपाशी गेले म्हणून पोहे करून ठेवते म्हणली,” बाई म्हणाल्या. “तिचं कायले? ती तं आता नेरवाल्यायची होऊन राह्यली.”

लेकीचं लग्न नेरला ठरलं होतं. मुलाचं तिथे कृषी केंद्र होतं. होळीनंतर साखरपुडा, उन्हाळ्यात लग्न. मुलगी परक्या घरची होणार, म्हणून तिला आईने घरच्या माणसांत धरलंच नव्हतं. आणि आपण स्वतः लग्न करून या घरी आलो म्हणजे आपलं घराणंही हेच, हे त्यांच्यात इतकं मुरलेलं होतं की डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माहेर त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी सावकाश सांगितलं की या घरात तुमचं रक्त फक्त एकीच्या अंगात आहे. आणि तुमच्या आधीचं बघायचं तर माहेरचं बघावं लागेल. म्हातारीने बाही खाली केली.

बाकीच्यांना पोहे खायला घरी पाठवलं. बाई बसून राहिल्या. माहेर त्यांचं पांढरकवड्याकडचं. आता तिथे कुणी उरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “माय गळ्याले पदर गुंडाळून राहे. भर उन्हाळ्यात बी. मले वाटे, हिले लाजच जास्त. मेली तेव्हा न्हाऊ घालाच्या वेळेस बायायनं पदर काढला, तं गाठ हे एवढी.” त्यांनी मूठ दाखवली. “कोणाले सांगतलं नवतं तिनं.”

चहा मागवला. तो तसाच निवून गेला.

लेक आधी ऐकेना. ती बी.कॉम. झालेली, हुशार, आईसारखीच फटकळ. मला काय झालंय, म्हणाली. लग्न तोंडावर आलं आणि लॅबची पायरी चढताना कुणी पाहिलं तर? दीरही म्हणाला, एवढं लग्न होऊन जाऊ द्या, मग निवांत बघू. बाईंचं म्हणणं एकच होतं, आणि ते मला अजून आठवतं.

“लग्न झाल्यावर तिचं रक्त मागाले मी कोण?”

शेवटी लेक तयार झाली, पण एकदाच देईन म्हणाली, पुन्हा मागायचं नाही. वाटेत नासलं तर नासलं. त्यामुळे त्या दिवशी बाईंनी थर्मास ड्रायव्हरकडे दिला नाही. रजा टाकली आणि मांडीवर थर्मास घेऊन स्वतःच नागपूर गाडीत बसल्या.

आणि नेमकं त्याच दिवशी लाडखेडच्या फाट्यावर रास्ता रोको. कापसाच्या भावासाठी लोकांनी रस्त्यात बैलबंड्या आडव्या लावलेल्या, मधोमध कापसाचा ढीग ओतलेला. गाड्यांची रांग लागली. ऊन चढत होतं. पुढचं मला त्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं. बाई बराच वेळ बसल्या, मग थर्मास छातीशी धरून खाली उतरल्या आणि चालत घोषणांच्या गर्दीत शिरल्या. त्यांना ओरडता येत नव्हतं. त्या ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत काहीतरी सांगत होत्या आणि त्या गलक्यात कुणाला काही ऐकू जात नव्हतं. एक-दोघांनी त्यांना मागेही लोटलं. मग एकजण म्हणाला, अरे, या तर आपल्या दारव्ह्याच्या चौकशीच्या बाई. त्याने हात वर करून घोषणा थांबवल्या. बाई, कुठं जायचं, त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, नागपूरले. थर्मासात काय आहे, त्याने विचारलं.

“लेकीचं रक्त.”

एकटी गाडी सोडणं शक्य नव्हतं, पुढेमागे रांग होती. पण फाट्यावरच्या रसवंतीतून एकाने बर्फ फोडून आणला आणि थर्मासात भरला. दुसऱ्याने मोटरसायकल काढली. लोकांनी कापूस पायाने बाजूला सारून वाट केली आणि बाई यवतमाळपर्यंत त्या मोटरसायकलवर गेल्या, तिथून पुढे दुसऱ्या गाडीने. दुपारी त्यांनी एसटीडीवरून मला फोन केला. खरखर ऐकू आली तेव्हा मी ओळखलं की बाई आहेत. बर्फ वितळला नव्हता.

रिपोर्ट माझ्याकडे आला. आकडा फार मोठा नव्हता, पण असायला हवा त्याहून पुष्कळ वर होता. मी रस्ता ओलांडला. बाईंनी खिडकीतून माझा चेहरा पाहिला आणि फक्त विचारलं, “किती?” मी सांगितलं. आकड्यांचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच कळायचा. वेळेत सापडलंय, मी घाईघाईने म्हणालो, आता ग्रंथी काढली तर पोरगी वाचेल, डॉक्टर तसंच म्हणतात. बाईंनी मान हलवली.

“म्हणजे मीच देल्लं तिले.”

नाही हो, तुम्ही कसं दिलंत, मी म्हणालो. मग कोणी दिलं, त्या म्हणाल्या. खिडकीपलीकडे एक बाई लेकरू कडेवर घेऊन दिग्रसची गाडी विचारत होती. मला रडू आलं आणि मी तोंड फिरवून उभा राहिलो. बाई तिला दिग्रसच्या गाडीची वेळ सांगत होत्या.

घरात दोन तट पडले. दिराचं म्हणणं, साधी गलगंडाची गाठ होती म्हणून सांगू, ऑपरेशन उरकू, लग्न होऊ देऊ. त्यात त्याचं काही वाईट नव्हतं, त्याला पुतणीचं भलंच हवं होतं. बाई ऐकत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी नेरला निघाल्या. दीर आडवा आला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या मायनं मले नाही सांगतलं. मी तसं नाही करत.” यावर म्हातारी उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, “तिले बोलता येत नाही. मी जातो संगं, मी बोलतो.” दोघी गेल्या. व्याह्यांनी चहा दिला, पोहे दिले, सगळं ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं बोलून दाखवलं. आठवडाभराने मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगा इतक्यात लग्न करायचं नाही म्हणतो.

त्या दिवसापासून लेक आईशी बोलेना. ऑपरेशनसाठी नागपूरला गेली ती काकाबरोबर. ऑपरेशन चांगलं झालं. तिच्या आवाजाला धक्काही लागला नाही. पण तो आवाज घरात आईसाठी निघत नव्हता. आईला काही हवं-नको ते ती आजीकरवी विचारायची. बाई मला म्हणायच्या, भाऊ, तिचं बरोबर हाये. एवढंच. त्यांचा आजार तोवर यकृतात गेला होता. स्वतःचं रक्त द्यायला त्या येईनाशा झाल्या. मी मागे लागलो तर म्हणायच्या, माझा आकडा आता कायले पाहता, तिचा पाहा.

लेकीचा ऑपरेशननंतरचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा बाई खाटेला लागल्या होत्या. मी तो घेऊन घरीच गेलो. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाईंनी माझ्याकडून कागद घेतला नाही, बोटाने लेकीकडे दाखवलं. म्हणाल्या, “वाच.” लेकीने वाचलं. कॅल्सिटोनिन आढळलं नाही.

“आणखी एकदा वाच.”

तिने पुन्हा वाचलं, पण शेवटपर्यंत वाचता आलं नाही. कागद तसाच हातात घेऊन ती खाटेच्या काठावर बसली. बाईंनी हात वर करून तिच्या गळ्यावरची खूण चाचपली, इकडून तिकडे, सावकाश. लेक डोळे पुसत म्हणाली, “माय, चहा घेतं का?” म्हातारी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

दिवाळीच्या आधी बाई गेल्या. कापसाची वेचणी सुरू झाली होती आणि खेड्यावरून माणसं मोकळी नव्हती, तरी पुष्कळ आली. ड्रायव्हर-कंडक्टर गणवेशातच आले होते. मी काही फार मोठ्या माणसाबद्दल लिहितो आहे असं नाही. पण त्यानंतर किती दिवस मला माझ्याच लॅबमध्ये बसवेना, हे खरं आहे.

या गोष्टीलाही आता वर्षं झाली. लेकीचं लग्न पुढे पुसदकडे झालं. आपल्या तपासणीसाठी ती माझ्याकडेच येत राहिली, पुसदला लॅब असताना. परवा आली तेव्हा बरोबर तिची सहा-सात वर्षांची मुलगी होती आणि सासू होती. काका, आज हिचं घ्या, ती म्हणाली. मी नकळत सासूबाईंकडे पाहिलं. लेक ओळखून म्हणाली, “त्यायले सगळं माहीत हाये काका. मले पाहाले आलते, त्याच दिवशी सांगतलं मी.” सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, तिचं तोंड पदराआड धरलं आणि मला म्हणाल्या, घ्या भाऊ, लवकर घ्या. पोरगी रडली नाही. शीर एकदाच सापडली.

थर्मास घेऊन मी रस्ता ओलांडला. नागपूरची गाडी लागायची होती म्हणून चौकशीच्या खिडकीशी थांबलो. तिथे नवीन बदलून आलेला पोरसवदा माणूस होता. थर्मासाकडे बघून त्याने विचारलं, कोणाचं पार्सल आहे?

“चौकशीच्या बाईंच्या नातीचं,” मी म्हणालो.

“कोणत्या बाई? चौकशीत तं मीच असतो.”

गाडी लागली. थर्मास ड्रायव्हरच्या सीटमागे नीट ठेवला आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभा राहिलो.